मोटारहोमचा डॅशबोर्ड उघडून स्विचमागच्या वायरिंगपर्यंत पोहोचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. टुरिस्टच्या ट्रॅव्हलर, शाळेच्या बस, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर, हे रोजचं काम. अलीकडे मोटारहोम यायला लागल्यात. जुनी ट्रॅव्हलर नाहीतर विंगर घ्यायची, आत बेड, ओटा, पाण्याचा पंप, फ्रिज बसवून घ्यायचा आणि घरच्यांना घेऊन गगनबावड्यामार्गे कोकण गाठायचं. ह्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर कंपनीच्या स्विचशेजारी नंतर लावलेल्या स्विचची एक रांग असते. मला फोन येतात ते बहुतेक त्या रांगेबद्दलच. तेच प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं खाली लिहिली आहेत. जिथं आगीचा किंवा जीवाचा संबंध येतो तिथं जरा जास्त बोललोय, कारण ह्या गाडीत रात्री लेकरं झोपलेली असतात.

स्विच दाबला तरी पंप चालत नाही. आधी पॅनेल काढू का?

नका काढू. पॅनेलला हात सगळ्यात शेवटी लावायचा. "स्विच गेलाय" म्हणून आलेल्या गाड्यांत स्विच खरंच गेलेला मला फार थोड्या वेळा सापडतो. बहुतेक वेळा फ्यूज उडालेला असतो, फ्यूजची पकड सैल झालेली असते, नाहीतर पंपाजवळची अर्थची (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह) वायर गंजलेली असते. ह्यातल्या एकाही गोष्टीसाठी डॅशबोर्ड उघडावा लागत नाही.

पहिल्यांदा बॅटरीचा व्होल्टेज बघा. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी काही न चालवता १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, आधी चार्ज करा. लिथियम फॉस्फेटची बॅटरी १३ च्या वर राहते आणि रिकामी झाली की तिच्या आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच पुरवठा तोडतं. मग गाडीतलं सगळंच एकदम बंद पडतं आणि माणूस स्विचवर संशय घेतो.

मग बघा, फक्त पंपच बंद आहे की त्याच फ्यूजवरचा ओट्याचा दिवाही गेलाय. दोन वस्तू एकदम गेल्या असतील तर पंपाच्या स्विचचा काही दोष नाही.

फ्यूज काढून उजेडात धरून बघणं पुरेसं नसतं. पात्याला केसाएवढी चीर असली तर ती डोळ्यांना दिसत नाही. फ्यूज जागेवरच ठेवा. त्याच्या पाठीवर धातूचे दोन ठिपके उघडे असतात, टेस्टिंग बल्बची (दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब) एक वायर गाडीच्या बॉडीला लावून दुसरीचं टोक त्या दोन्हींना एकेक करून लावा. दोन्हीकडे बल्ब पेटला तर फ्यूज ठीक. एकीकडेच पेटला तर फ्यूज उडालाय. कुठंच पेटला नाही तर पुरवठाच तिथवर येत नाही.

आता गाडीत शांतता करा, स्विच दाबा आणि कान द्या. रिले (स्विचच्या थोड्या विजेवर मोठ्या भाराची वीज जोडणारी छोटी डबी) असेल तर 'टक्' असा आवाज येतो. आवाज आला म्हणजे स्विच आणि त्याची वायर काम करतेय, दोष पुढे आहे. शेवटी पंपाला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरी सरळ द्या. पंप फिरला, आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तरच डॅशबोर्डकडे वळायचं.

फ्यूजचे रंग लक्षात कसे ठेवायचे?

वहीत लिहून फ्यूजबॉक्सच्या झाकणाला चिकटवा. पात्याच्या फ्यूजमध्ये ५ अँपिअर खाकी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. उडालेल्याच्या जागी त्याच आकड्याचा लावायचा. तो पुन्हा उडाला तर मोठा लावू नका, दोष शोधा. आणि फ्यूजच्या जागी चांदी कागद किंवा वायरचा तुकडा कधीच नको. तसं केलं तर पुढची सगळी वायर फ्यूजसारखी तापते, आणि ती वायर तुमच्या गादीखालून गेलेली असते.

बॅटरी सोडवायलाच पाहिजे का? नुसती चावी काढली तर?

सोडवायलाच पाहिजे. मोटारहोममध्ये ह्या बाबतीत साध्या गाडीपेक्षा जास्त सावध राहावं लागतं, कारण वीज एका ठिकाणाहून येत नाही. इंजिनची बॅटरी वेगळी, आतल्या घराची वेगळी. छतावर सोलर. इन्व्हर्टर असेल तर त्यातून २३० व्होल्ट. आणि अंगणात घरच्या बोर्डावरून चार्जिंगची वायर लावलेली असेल तर तीही.

गडहिंग्लजकडचे एक गुरुजी स्वतः हौसेनं काम करतात. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढला, हेडलाइट लागत नाही हे बघितलं आणि निर्धास्त होऊन डॅशबोर्ड खोलला. पण दिव्यांचे आणि पंपाचे स्विच सोफ्याखालच्या दुसऱ्या बॅटरीवर होते. पान्याचं टोक एका वेळी पिनेला आणि लोखंडी पट्टीला लागलं, आणि पान्याला दाताएवढी खाच पडली. त्यांच्या बोटात अंगठी नव्हती हे नशीब. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढूनच डॅशबोर्डमागं हात घाला.

क्रम असा ठेवा. बाहेरून आलेली २३० व्होल्टची वायर काढा. इन्व्हर्टर बंद करा. मग सोलरचा ब्रेकर पाडा. ब्रेकर नसेल तर छतावरच्या सोलर पॅनेलवर जाड गोधडी टाकून त्याच्या वायरी कंट्रोलरपासून (सोलरवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) सोडवा. सोलर आधी आणि बॅटरी नंतर, हा क्रम उलटा करू नका, बॅटरी नसताना पॅनेल चालू राहिलं तर कंट्रोलर खराब होऊ शकतो. त्यानंतर घरच्या बॅटरीचा निगेटिव्ह, मग इंजिनच्या बॅटरीचा निगेटिव्ह. नवीन, बीएस ६ गाडी असेल तर चावी बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच बॅटरी सोडवा, कारण काही यंत्रणा चावीनंतरही थोडा वेळ चालू असतात.

निगेटिव्हच आधी का, हेही पुष्कळ जण विचारतात. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट. निगेटिव्ह आधी काढलेला असेल तर पाना बॉडीला कुठंही लागू दे, काही होत नाही. जोडताना उलटं: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असेल तर?

पिवळा कपलर (वायरी जोडायचा प्लग) किंवा पिवळ्या स्लीव्हमधली वायर दिसली की थांबा. ती एअरबॅगची. तिला टेस्टिंग बल्ब लावायचा नाही, मल्टिमीटरही लावायचा नाही. मल्टिमीटर ओहमवर असताना स्वतः थोडी वीज सोडतो, आणि एअरबॅग फुटायला थोडीच वीज लागते. बॅटरी सोडवल्यावर गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज साठवून ठेवलेली असते. एअरबॅगच्या झाकणाजवळचं पॅनेल काढायचं असेल तर कंपनीच्या वर्कशॉपला जा. मी स्वतः ह्या कामाला हात लावत नाही, तिकडंच पाठवतो.

कोणती हत्यारं लागतील?

दोन मापांचे स्टार स्क्रूड्रायव्हर, एक बुटका स्क्रूड्रायव्हर, ८ आणि १० चा बॉक्स पाना, नाकाड पक्कड, कपाळावर बांधायची बॅटरी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या. पॅनेल उचकटायच्या पट्ट्यांचा संच ऑनलाइन मिळतो. नसेल तर बाद झालेलं एटीएम कार्ड आणि बांबूची तासलेली कामटी छान काम देते. लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. डॅशबोर्डच्या प्लास्टिकवर त्याचा एकदा वळ उठला की जात नाही. कड्यांना आधी मास्किंग टेप लावा.

युरोपातल्या मोटारहोमचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांना एक सांगतो. तिकडं डुकाटोसारख्या गाड्यांवर मोटारहोम बांधतात, त्यांत सहा कोनांच्या टॉर्क्स डोक्याचे स्क्रू असतात आणि स्टिअरिंग बहुतेक डावीकडे. आपल्या गाडीत स्क्रू त्याच जागी सापडेल असं धरून चालू नका. व्हिडिओतून पद्धत घ्या, जागा मात्र आपल्या गाडीवरच शोधा.

पॅनेल नेमकं कुठून सुटतं? सगळे स्क्रू काढले तरी हलत नाही.

मग अजून एक राहिलाय. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो: हाताला अडलं की जोर लावायचा नाही, बोटं फिरवायची. क्लिपनं धरलेलं पॅनेल ओढलं की थोडं लवचिकपणे मागं येतं आणि परत जातं. स्क्रूनं धरलेलं पॅनेल एका बिंदूवर घट्ट राहतं आणि त्याच्या दोन्ही बाजू फाकतात. फाकणाऱ्या दोन बाजूंच्या मधोमध स्क्रू शोधा. हा फरक हाताला एकदा कळला की अर्धं काम सोपं होतं.

लपलेले स्क्रू कुठं असतात? चौकोनी नाहीतर गोल छोट्या टोपणांखाली. रिकाम्या स्विचच्या जागी लावलेल्या डमीमागं. ग्लोव्ह बॉक्स उघडल्यावर त्याच्या वरच्या ओठात. ॲश ट्रे किंवा मोबाइल ठेवायच्या खोबणीतल्या रबरी चटईखाली. मीटरच्या छत्रीच्या आत, वरच्या बाजूला, जिथं मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही. स्टिअरिंगच्या खालच्या झाकणात. आणि दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या टोकाला जे उभं झाकण दिसतं, त्याच्यामागं. नंतर बांधलेल्या गाडीत फॅब्रिकेटरनं रेक्झिन किंवा व्हिनाइल चिकटवलेलं असतं, त्याखालीही स्क्रू गाडलेले मिळतात. अंगठ्यानं दाबत गेलं की तिथं छोटा खड्डा लागतो.

पॅनेल एकमेकांवर चढवलेली असतात, म्हणून ज्याची कड वर आहे ते आधी निघतं. स्विचचं पॅनेल बहुतेकदा मीटरच्या चौकटीखाली दबलेलं असतं. तेव्हा पहिली पाच मिनिटं काही न खोलता नुसत्या फटी बघा. कोणती कड कोणाच्या पोटात गेलीय ते टॉर्चच्या आडव्या उजेडात दिसतं.

प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू एकाच वाटीत टाकू नका, कारण त्यांची लांबी वेगळी असते. छोट्याच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो पलीकडच्या वायरिंगमध्ये घुसतो. माझ्याकडे त्यासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आहे. एक खण म्हणजे एक पॅनेल, आणि खणात नंबराची चिठ्ठी.

पॅनेल न काढता नुसता स्विच बाहेर काढता येतो का?

पुष्कळदा येतो, आणि जमत असेल तर तेच करा. रॉकर स्विचला (एका टोकाला दाबला की दुसरं वर येतं तो) दोन बाजूंना लवचिक कान असतात. शेजारची डमी आधी काढा, त्या भोकातून बोट किंवा कामटी आत घालून कान दाबा आणि मागून ढकला. समोरून उचकटलात तर चौकट फुटते.

स्विच बाहेर आला की त्याच्या वायरींना आधी सुतळी बांधा आणि सुतळीचं दुसरं टोक स्टिअरिंगला अडकवा. त्यानंतरच पिना सोडवा. सुतळीशिवाय पिन सोडवली की वायर घरंगळत आत जाते, आणि जी गोष्ट दोन मिनिटांत झाली असती तिच्यासाठी मग अख्खं पॅनेल उतरवावं लागतं.

क्लिप तुटली तर?

घाबरू नका. लोखंडी स्प्रिंगच्या आणि झाडाच्या फांदीसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा सुट्या मिळतात, जुनी नमुन्याला घेऊन जा. पॅनेललाच असलेला प्लास्टिकचा कान तुटला तर अवघड, जुन्या मॉडेलचं पॅनेल मिळायला महिने जातात. म्हणून थंडीत सकाळी सकाळी हे काम करू नका. गाडी तासभर उन्हात ठेवा, नाहीतर केस वाळवायच्या ड्रायरनं कड कोमट करा. प्लास्टिक जरा मऊ झालं की कान वाचतात. उलट वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहून पांढुरकं पडलेलं प्लास्टिक कधीही तडकू शकतं, त्याला फार जपा.

पॅनेल सुटलं पण चार बोटांपेक्षा जास्त बाहेर येत नाही.

मागं कपलर जोडलेले आहेत. ओढू नका, वायर कपलरमधून निसटते. एक हात मागं घाला, कपलरची जीभ दाबा, मग आधी कपलर किंचित आत ढकला आणि नंतर बाहेर काढा. आत ढकलल्यावर जिभेवरचा ताण जातो आणि ती सहज दबते. प्रत्येक कपलरवर टेपची चिठ्ठी लावा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, बाह्यांचा शर्ट घाला.

मागं सगळ्या वायरी लालच आहेत! कोणती कशाची, कसं कळणार?

ही तक्रार रास्त आहे. कंपनीच्या वायरिंगला रंग असतात, रेघा असतात, आकृती असते. नंतर बांधलेल्या भागात मात्र हातात जो रंगाचा बंडल होता तोच वापरलेला असतो. एका गाडीत मी दिवे, पंप, पंखा, मागचा कॅमेरा, सगळं लाल वायरनं ओढलेलं बघितलंय, आणि जोड नुसते पिळून त्यावर काळी टेप. मालकानं चांगले पैसे मोजले होते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

उलगडायची पद्धत अशी. आधी काही सोडवू नका. स्विचला जोडलेल्या अवस्थेतच प्रत्येक वायरीला नंबराची टेप लावा आणि कागदावर स्विचची पाठ काढून कोणता नंबर कोणत्या पिनेवर ते लिहा. मग फक्त तपासणीपुरती बॅटरी जोडा, आणि तेवढा वेळ हातात लोखंडी हत्यार नको. स्विच बंद असताना ज्या पिनेवर वीज आहे ती येणारी वायर. स्विच चालू केल्यावर ज्या पिनेवर वीज येते ती वस्तूकडं जाणारी. तिसरी असेल तर ती स्विचमधल्या छोट्या दिव्याची अर्थ. हेडलाइट लावल्यावर ज्या वायरीत वीज येते ती रात्री स्विच उजळायची.

काही स्विचच्या आणि रिलेच्या पिनांवर आकडे कोरलेले असतात. ते जर्मन पद्धतीचे आकडे आहेत, आणि पुष्कळ गाड्यांत हेच वापरतात. ३० म्हणजे बॅटरीवरून कायम येणारी वीज, १५ चावी फिरवल्यावर येणारी, ३१ अर्थ, ५८ पार्किंगच्या दिव्यांची. रिलेवर ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं, ८७ म्हणजे बाहेर जाणारी.

टेस्टिंग बल्ब आतल्या घराच्या दिव्या-पंपांच्या वायरींनाच वापरा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. इंजिनच्या कंट्रोलरकडं जाणाऱ्या बारीक वायरींना तो लावला तर कंट्रोलर जाऊ शकतो, तिथं मल्टिमीटरच हवा.

मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी पंप ढिम्म. असं कसं?

कारण मल्टिमीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. वायरीतली सगळी तार तुटून एकच केसाएवढी तार शिल्लक राहिली तरी मीटर पूर्ण १२ दाखवतो. पंप चालू करायला गेलं की ती एक तार पाच अँपिअर वाहून नेऊ शकत नाही आणि व्होल्टेज कोसळतो.

मागच्या पावसाळ्यात एका गाडीत हेच होतं. स्विचच्या पिनेवरचं थिंबल (वायरीच्या टोकाला चेपलेला धातूचा तुकडा) बाहेरून अगदी चकचकीत. मी वायर हलकेच वाकवली तर स्लीव्हच्या आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघाली, आणि मधोमध एक तार अजून धरून होती. मालकानं तोवर दोन पंप बदलले होते.

म्हणून मोजायचं ते वस्तू चालू असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हला. स्विच चालू करा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालेल. दोन-तीन व्होल्ट असेल तर टप्प्याटप्प्यानं जवळ या: बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते स्विच, स्विचची एक पिन ते दुसरी पिन. नुसत्या स्विचवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर स्विचचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत. मग हेच मोजमाप निगेटिव्हच्या बाजूनंही करा. लोक ही बाजू विसरतात, आणि दोष नेमका तिथंच असतो.

घरातला बोर्डाचा स्विच लावला तर चालेल? तो तर २४० व्होल्टचा आहे.

आकडा मोठा असला तरी चालणार नाही. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणजे सेकंदात १०० वेळा शून्यावर येते. स्विच उघडताना जी ठिणगी पडते ती त्या शून्यावर विझते. बॅटरीची वीज कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी ताणली जाते आणि कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात. स्विच घेताना त्यावर डीसीचा आकडा छापलेला आहे का ते बघा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे सव्वानऊ अँपिअर. एवढा भार असेल तर स्विचवर फक्त रिले चालवा आणि भार रिलेवर टाका.

नवीन उजळणारा स्विच लावला, दाबल्या दाबल्या फ्यूज उडतो.

तीन पिनांच्या स्विचमध्ये वस्तूकडं जाणारी वायर आणि अर्थ यांची अदलाबदल झालीय. स्विच चालू केला की बॅटरीची वीज सरळ अर्थला मिळते. बहुतेक स्विचमध्ये पितळी रंगाची वेगळी दिसणारी पिन अर्थची असते, तरीही पाकिटावरची आकृती बघूनच जोडा.

वायर कमी पडतेय, जोड कसा देऊ?

योग्य मापाचं थिंबल घ्या, क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबा, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवा आणि जोराची ओढ देऊन बघा. साध्या पकडीनं चेपलेलं थिंबल घाटात निसटतं. डाग दिलेला जोडही चालत्या गाडीत मला आवडत नाही. कथील वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथं कडकपणा संपतो तिथं हादऱ्यांनी तार तुटते. नुसती टेप तर नकोच. एप्रिल-मेच्या उन्हात बंद डॅशबोर्डमागं तिचा डिंक वितळतो आणि ती सरकते.

जाडीचाही विचार करा. बॅटरीपासून पंप ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर १२ मीटर. पाच अँपिअरला १.५ चौरस मिमीच्या वायरीत साधारण ०.७ व्होल्ट वाया जातात, २.५ च्या वायरीत ०.४. अडीचचीच घ्या.

आपल्याकडच्या पावसात काय बघायचं?

समोरच्या काचेचं रबर. कोपऱ्यात ते आकसतं आणि गगनबावड्याच्या, आंबोलीच्या धारेत पाणी काचेच्या आतून थेट डॅशबोर्डमागं उतरतं. पॅनेल काढल्यावर पत्र्यावर पाण्याच्या वाळलेल्या रेघा दिसल्या तर आधी रबर बघा, वायरिंग नंतर. नाहीतर पुढच्या जुलैत तोच स्विच पुन्हा उघडाल. कोकणातून आलेल्या गाड्यांत खारी हवाही भर घालते. हिरवा थर धरलेल्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा, वाळवा, आणि जोडल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. पेट्रोलनं पुसू नका, बंद केबिनमध्ये त्याची वाफ साठते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं तेव्हा कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. पाणी सीटपर्यंत आलेल्या गाडीची चावी फिरवून "बघू तरी चालू होतीय का" असं करू नका. ओल्या कपलरमध्ये वीज सोडली की पिना काही दिवसांत खाऊन जातात. पहिलं काम बॅटऱ्या सोडवणं. मग एकेक कपलर उघडून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा आणि पूर्ण वाळवायचं. पुरातून गेलेली जुनी गाडी मोटारहोमसाठी घेत असाल तर एक पॅनेल उघडून कपलरच्या आत गाळाची माती आहे का बघा. बाहेरची माती कुणीही धुतो, तिथली राहून जाते.

उंदीर?

हो, पुष्कळ. गाडी उसाच्या फडाजवळ उभी असेल तर तोड झाल्यावर उंदीर निवारा शोधत येतात आणि डॅशबोर्डमागची ऊब त्यांना आवडते. पॅनेल उघडल्यावर लेंड्या दिसल्या तर मास्क-हातमोजे घाला आणि फक्त तुटलेली वायर जोडून थांबू नका. वायरींची अख्खी दोरी हातानं चाचपडत जा. कुरतडून उघडी पडलेली पण अजून न तुटलेली वायर जास्त धोक्याची.

परत बसवताना काय चुकतं?

घाई होते. पॅनेल दाबून बसवण्याआधी बॅटरी जोडून प्रत्येक स्विच चालवून बघा. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सगळं, कारण मागं हात घालताना शेजारचा कपलर हलतो. वायरी पत्र्याच्या कडेवर घासत नाहीत ना, स्टिअरिंग फिरवल्यावर किंवा ब्रेकचा पॅडल दाबल्यावर त्यात अडकत नाहीत ना, ते बघून टायनं बांधा. पॅनेल न बसता फुगून राहिलं तर मागं वायरींचा गोळा आलाय, दाबू नका. स्क्रू सगळे हलके लावून घ्या आणि मग आवळा. खडखड येत असेल तर कडेला फेल्टची पट्टी चिकटवा.

वॉरंटी आणि आरटीओचं काय?

स्विच किंवा वायर दुरुस्त करायला आरटीओची परवानगी लागत नाही. पण गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा, म्हणजे साधी व्हॅन मोटारहोम करून घ्यायची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या मूळ वायरिंगला कापाकापी करू नका, दावा नाकारला जाऊ शकतो.

कोणत्या वेळी स्वतः न करता वायरमनकडं न्यायची?

पॅनेल उघडल्यावर जळकट वास आला, वायरीचं आवरण वितळून एकमेकांना चिकटलेलं दिसलं, त्याच पॅनेलमागं २३० व्होल्टची वायर निघाली, किंवा गाडी २४ व्होल्टची मोठी बस चासी असून त्यातून १२ व्होल्ट काढलेले असले, तर तिथंच थांबा. आणि त्या रात्री गाडीत झोपू नका.

गाडी आणताना सोबत काय आणू?

काढलेले फोटो, जुना स्विच तुटलेला असला तरी, उडालेला फ्यूज, आणि सोलर-इन्व्हर्टर ज्यानं बसवलं त्याचा नंबर. दोष कधी येतो तेही लिहून आणा: गाडी गरम झाल्यावर, पाऊस पडल्यावर, की खड्ड्यात आदळल्यावर. पॅनेल अर्धवट उघडलेलं असेल तर तसंच आणा, माझ्यासाठी म्हणून घाईनं परत बसवू नका.